वाचकांचे प्रश्न: काटक्यांची भट्टी आणि तडकलेलं मडकं

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमधलं सिफ्नोस बेट इटालियनांच्या ताब्यात होतं. तिथले कुंभार टंचाईत भांडी कशी भाजत, कशी विकत? आणि आम्ही गच्चीवर भाजलेली मडकी का तडकतात? (एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : तिथली भट्टी परंपरेनं झुडपांच्या काटक्यांवर चालायची, कोळशावर नव्हे. मातीही बेटावरचीच, विस्तव सोसणारी. खरी अडचण पैशाची. नोव्हेंबर 1944मध्ये तब्बल 5 हजार कोटी जुन्या द्राख्मांना एक नवा द्राख्मा ठरला! अशा चलनात कोण भांडं विकेल? व्यवहार तेल-धान्याच्या अदलाबदलीवर येणारच.

तुमचं मडकं बहुधा ओलीनं फुटतं. आपल्याकडे पावसाळ्यात काठ वाळतो, बूड ओलंच राहतं. बूड गालाला लावा. गार लागलं तर अजून वाळू द्या. आतल्या पाण्याची एकदम वाफ झाली की खपली उडते, म्हणून पहिले दोन-तीन तास नुसती धग, जाळ नको. पुढे 573 अंशांजवळ मातीतली गारगोटी अचानक फुगते आणि निवताना तिथंच आकसते. भट्टी घाईनं उघडलीत की टण्ण! रात्रभर झाकूनच ठेवा. मळताना जुन्या खापरांचा चाळलेला भुगा, चार वाट्या मातीला एक वाटी, घाला.