लेकीच्या संशोधनाचा खर्च कोण उचलणार?

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होतो. तिथं दोन बोटं गेली. भरपाईसाठी घातलेले हेलपाटे लेकीनं लहानपणी पाहिलेत. आता ती सांगलीत एलएलएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या बदलांवर पीएचडी करायची म्हणते. सनद घेऊन कोर्टात उभी राहिली तर चार पैसे मिळतील. अभ्यासाला पैसे कोण देतो?
– एक पालक, सांगली

उत्तर : दादा, देतात. पण ‘कायदे कसे बदलले’ एवढ्या ऐसपैस विषयाला सहसा कुणी देत नाही. आधी विषय चिमटीत धरायला हवा.

एक उदाहरण घ्या. भरपाई काढताना धरायच्या पगाराची कमाल मर्यादा 3 जानेवारी 2020 ला 8,000 वरून 15,000 झाली. तीस वर्षांचा, 18,000 पगाराचा कामगार 2 जानेवारीच्या अपघातात गेला असता तर वारसांना 8,31,920 रुपये. अपघात दुसऱ्या दिवशी झाला असता तर 15,59,850. (मर्यादेइतक्या पगाराचा निम्मा गुणिले 207.98, हा तिसाव्या वर्षाचा गुणक.) एका रात्रीत सव्वासात लाखांचा फरक!

आता भरपाईचा 1923 चा तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, 21 नोव्हेंबर 2025 पासून. कामाशी संबंध दिसत असेल तर घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही संहितेत बसतो. जुन्या कायद्याचा अर्थही सुप्रीम कोर्टानं जुलै 2025 मध्ये असाच लावला. तो दावा होता साखर कारखान्याच्या वॉचमनचा. पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि वाटेत गेला. साल 2003. घरच्यांच्या बाजूनं शेवटचा निकाल लागायला बावीस वर्षं गेली.

मी तिच्या जागी असतो तर उसाच्या फडातच शिरलो असतो. ऊसतोड टोळीतला माणूस ट्रॉलीखाली गेला तर मालक कोण? कारखाना, मुकादम की ट्रॅक्टरवाला? सांगली-साताऱ्याच्या कामगार न्यायालयांतले अशा दाव्यांचे निकाल मिळवून वाचायचे, बाया-माणसांना भेटायचं. एवढा नेमका प्रस्ताव फेलोशिप देणाऱ्या समितीपुढे टिकतो.

पैशाचं म्हणाल तर पहिली शिडी नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. विषय कायदा, परीक्षा जून आणि डिसेंबरला. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढं 42,000, वर घरभाडं. वयाची अट 30, मुलींना पाच वर्षं सवलत. ती हुकली तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या, प्रवर्गानुसार फेलोशिप देणाऱ्या संस्था आहेत. तुमचा प्रवर्ग कळवला नाहीत, म्हणून तिन्ही नावं दिली. त्यांना पीएचडीची नोंदणी आधी लागते. दिल्लीची भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदही पीएचडीला फेलोशिप देते, शिवाय प्राध्यापकांना प्रकल्प देते. त्यात संशोधन सहायक म्हणून लागली तरी हात बसतो. दोन फेलोशिपा एका वेळी चालत नाहीत.

एखाद्या विमा कंपनीनं किंवा मालकांच्या संघटनेनं पैसे देऊ केले तर करारातलं एक कलम चष्मा लावून वाचायचं : निष्कर्ष छापायचा हक्क कुणाचा? तो त्यांच्याकडे असेल तर हात जोडून परत यायचं.

सनदेबद्दल तुमचंही चुकत नाही. एलएलबी झालीय, म्हणजे सनद घेता येईल. एलएलएम संपलं की नेटच्या तयारीचं वर्ष कामगारांचे दावे लढवणाऱ्या वकिलाकडे काढू द्या. पैसा बेताचाच मिळेल, पण फायली वाचता येतील. फेलोशिप सुरू झाली की वकिलीची मिळकत मात्र थांबवावी लागेल, हे आत्ताच घरात बोलून घ्या.

आणि तुमचे जुने कागद माळ्यावर असतील तर खाली काढा. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याचा तक्ता कमाईची 20 टक्के ताकद गेली असं धरतो. तुमची भरपाई कोणत्या पगारावर काढली? ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड होतं का? असेल तर वाटच वेगळी. नसेल तर पैसे महिन्याच्या आत मिळाले का, आणि उशीर झाला असेल तर 12 टक्के व्याज कुणी लावलं का? हे तिला तुमच्याच फायलीत शोधू द्या. सोबत बसा. बरंचसं तुम्हालाच सांगावं लागेल.