फोनवर नकाशा फुकट मिळतो, मग गाडीत कंपनीचं नेव्हिगेशन कशाला घ्यायचं?

तुम्ही विचारलंय की नव्या गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीचं नेव्हिगेशन येतं, खालच्यात नुसता फोन जोडायचा पडदा मिळतो, तर फोनवर फुकट नकाशा असताना जास्तीचे पैसे मोजण्यात काही अर्थ आहे का. सहा वर्षांपूर्वी शोरूममध्ये उभी राहून मी हाच प्रश्न माझ्या थोरल्या भावाला विचारला होता. "पैसे पाण्यात घालू नकोस, फोन आहे ना," एवढं बोलून दादाने विषय संपवला. मी ऐकलं. त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

कामामुळे मला आठवड्यातले तीन-चार दिवस गाडी काढावी लागते, तीही बहुतेक वेळा एकटीला. खालचं मॉडेल घेतलं, काचेला चिकटणारा होल्डर घेतला आणि वर्षभर काही अडलं नाही. शहरात फोन उत्तम चालतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग मामांना दवाखान्यात ठेवल्याचा निरोप आला आणि मी आईला घेऊन निघाले. ऐन उन्हाळ्यातली दुपार. फोन काचेला लावलेला, समोरून ऊन, खाली चार्जिंगची वायर, पडदा पूर्ण उजळलेला, जीपीएस चालू, नेट चालू. यातली एकेक गोष्ट फोनला तापवते, इथे सगळ्या एकत्र होत्या. ॲपल तर स्वतःच सांगते की फोन भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सियस असेल तिथेच वापरा. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा होता, पण लिथियमची बॅटरी सगळ्यांचीच, आणि उन्हात काचेमागे ३५ अंश केव्हाच ओलांडले जातात.

आधी पडदा मंद झाला. मग चार्जिंग थांबलं. मग नकाशाच गेला आणि फोन फार तापल्याची सूचना तेवढी राहिली. आईने तो होल्डरमधून काढला आणि एसीच्या झरोक्यासमोर दोन्ही हातांत धरून बसली. तापलेल्या पोराचं अंग बघावं तसा मधूनमधून ती त्याच्या पाठीला हात लावायची आणि म्हणायची, "अजून गरमच आहे गं."

तोवर आम्ही घाटात शिरलो होतो. फोन पुन्हा सुरू झाला, पण रेंज गेलेली. इथे एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. उपग्रहाचा सिग्नल पकडायला नेट लागत नाही, पण कोणता उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती उपग्रहाकडून सेकंदाला फक्त ५० बिट अशा कूर्मगतीने येते. म्हणून फोन ती नेटवरून आयती मागवून घेतो आणि आपल्याला वाटतं, वा, किती झटपट जागा सापडली. रेंज नसली की त्यालाही थांबावं लागतं. त्यात घाटात दोन्ही बाजूंना कडे, आभाळाची जेमतेम एक पट्टी दिसते आणि जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. दोन-तीन मिनिटांनी निळा ठिपका आला. त्याच्याभोवती नकाशा मात्र नव्हता, कोरी करडी चौकट होती. आपण कुठे आहोत हे फोनला कळलं होतं, आजूबाजूला काय आहे हे कळायला त्याला नेट हवं होतं.

पुढे फाटा आला. विचारायला माणूस नाही. मी अंदाजाने उजवीकडे वळले आणि चुकले. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उतरून रेंज आली तेव्हा पहिल्यांदा खणखणले ते मामीचे फोन, लागोपाठ. दिशाही तोच फोन दाखवणार आणि मामीशीही त्याच्यावरूनच बोलायचं. एक फोन उचलेपर्यंत वळण मागे पडलं. अडीच तास उशिरा पोचलो. मामा सुखरूप होते, पुढे बरेही झाले. पण आईने ते अडीच तास हातात तो फोन धरून कसे काढले ते मी बघितलंय.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवायचा ना. चूक तुझी आहे." तेव्हापासून घरात चार माणसं जमली की हे वाक्य ऐकायला मिळतंच.

आता गाडीतल्या नेव्हिगेशनकडे. दादाचं मुख्य म्हणणं असं की जीपीएस तो जीपीएसच, उपग्रह तेच, मग गाडीच्या पडद्यावर बघा नाहीतर फोनवर. हे चूक आहे. गाडीला चाकं असतात, फोनला नसतात. प्रत्येक चाकापाशी एबीएससाठी, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू नयेत म्हणून असलेल्या यंत्रणेसाठी, सेन्सर बसवलेला असतोच, तो चाक किती फिरलं ते मोजतो. गाडी किती वळली हे जायरोस्कोपवरून कळतं. किती अंतर गेलो आणि कुठल्या दिशेला, या दोन गोष्टी कळल्या की उपग्रह दिसत नसतानाही चांगलं नेव्हिगेशन हिशेब चालू ठेवतं. शिवाय त्याची अँटेना बहुधा छपरावर असते, आभाळाकडे तोंड करून.

ही युक्ती गाडीत जीपीएस येण्याच्याही आधीची आहे. होंडाने १९८१ मध्ये गाडीत बसवायचं एक यंत्र आणलं, त्यात उपग्रहाचा संबंधच नव्हता. हेलियम वायूवर चालणारा जायरो दिशा सांगायचा, चाकांकडून अंतर यायचं आणि छोट्या पडद्यावर पारदर्शक नकाशाचं पान सरकवायचं. जीपीएस बसवूनच आलेली पहिली गाडी म्हणून माझदाच्या युनोस कॉस्मोचं नाव घेतात, ती १९९० ची. तरीही चाकांचा हिशेब सुटला नाही, कारण सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएस सिग्नलमध्ये अमेरिकेने मुद्दाम चूक मिसळलेली होती. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची, म्हणजे शेजारी-शेजारी जाणाऱ्या दोन रस्त्यांपैकी आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हेही कळेना. ती चूक मे २००० मध्ये काढली. तोवर गाडीतल्या यंत्रांना स्वतःच्या चाकांवर विसंबायची सवय लागली होती, आणि मी पैसे मोजते ते त्या सवयीचे.

दुसरी गाडी घेताना मी कुणालाही विचारलं नाही, सरळ कंपनीचं नेव्हिगेशन असलेलं मॉडेल घेतलं. काही महिन्यांनी दादा शेजारच्या सीटवर होता आणि वाटेत एक लांब बोगदा होता, ज्यात आतच रस्ता दुभंगतो. त्याने हातात फोन धरलेला. बोगद्यात ट्रकांची रांग, आम्ही रांगत चाललोय. त्याचा निळा ठिपका तोंडाशी जरा थबकला, मग आम्ही ज्या वेगाने आत शिरलो होतो त्याच वेगाने अंदाजाने पुढे पळाला. फाटा यायच्या कितीतरी आधी फोन म्हणाला, डावीकडे व्हा. डावीकडे भिंत होती. माझ्या पडद्यावरचा बाण ट्रकांच्या मागे, आमच्याच चालीने सरकत होता आणि फाटा खरोखर समोर आला तेव्हा आवाज आला. दादाने फोन खिशात ठेवला. बोलला काहीच नाही. नंतर मी विषय काढला तर पुन्हा तेच, "तू त्या वेळी ऑफलाइन नकाशा उतरवला असतास तर..."

तर तेही लिहिते, कारण त्यात तथ्य आहे. नकाशा आधी उतरवून ठेवला असता तर घाटात कोरी चौकट दिसली नसती, वाट चुकल्यावर फोनने नवी वाटही काढून दिली असती. गुगल मॅप्समध्ये अख्खा प्रदेश उतरवून ठेवता येतो, फक्त तो मधूनमधून ताजा करावा लागतो आणि रेंज नसेल तेव्हा पुढची गर्दी कळत नाही. पण उतरवलेल्या नकाशाने फोन थंड होत नाही. माझ्या त्या दिवसाची सुरुवात उष्णतेने झाली होती, हे दादा सोयीस्करपणे विसरतो.

फोन जिथे जिंकतो तिथे मात्र त्याला गाठणं अवघड आहे, आणि ती जागा म्हणजे गर्दी. पुढचा रस्ता तुंबलाय हे फोनला कळतं कारण त्या रस्त्यावर अडकलेल्यांच्या खिशातही फोनच असतात. सायमन वेकर्ट या कलाकाराने २०२० मध्ये हे फार छान दाखवून दिलं. त्याने ९९ फोन एका हातगाडीत घातले आणि बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यावरून ती गाडी चालत ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल झाला. इतके डोळे गाडीच्या कंपनीकडे सहसा नसतात. काहींकडे गर्दीची माहिती येते, पण अनेकदा त्यासाठी वेगळी वर्गणी भरावी लागते आणि गाडीचं सिमकार्ड चालू असावं लागतं. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा चांगल्या चालत्या कितीतरी गाड्यांच्या ऑनलाइन सेवा कायमच्या गेल्या. फोन असता तर बदलला असता, गाडी त्यासाठी कोण बदलतं?

दुसरं, नकाशे शिळे होतात. माझ्याच गाडीत एकदा नव्या बाह्यवळण रस्त्यावर बाण चक्क शेतातून चालला होता आणि बाई पुन्हा पुन्हा "शक्य असेल तिथे मागे वळा" सांगत होती. मी आता वर्षातून दोनदा पेन ड्राइव्हवर नवे नकाशे घेते, गाडी सुरू ठेवून ते चढवायला चांगला वेळ जातो. फुकट अपडेट किती वर्षं मिळणार हे खरेदीच्या वेळी लेखी घ्या, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर राहू नका.

आणखी एक, जे दादाच्या बाजूने जातं. तुम्ही म्हणता तो फोन जोडायचा पडदा म्हणजे ॲपल कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो असेल, तर काही गाड्यांमध्ये जोडलेल्या फोनला गाडीचाच जीपीएस आणि चाकांचा वेग वापरता येतो. तसं असेल तर माझं चाकांचं म्हणणं बरंचसं ढिलं पडतं. उलट काही गाड्यांत आता गुगल मॅप्सच आत बसवून येतो, २०२० च्या पोलस्टार २ पासून हे सुरू झालं. तिथे दोघांमधली रेषाच पुसट झाली आहे. पण हे गाडीगणिक बदलतं, पत्रकावर वाचून कळत नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हला गाडी एखाद्या खोल तळघरातल्या पार्किंगमध्ये न्या, दोन-तीन वळणं घ्या आणि पडद्यावरचा बाण तुमच्यासोबत वळतो का बघा. मग फोन जोडून तेच पुन्हा करा. पंधरा मिनिटांत उत्तर मिळेल. विक्रेता घाई करेल, करू द्या.

गाडी विजेवर चालणारी असेल तर माझं मत अजून पक्कं आहे, आतलंच घ्या. बॅटरीत किती चार्ज उरलाय हे त्याला थेट कळतं, चार्जिंगचे थांबे त्या हिशेबाने ठरतात आणि अनेक गाड्या जलद चार्जरकडे निघाल्यावर बॅटरी आधीपासून योग्य तापमानाला आणायला लागतात. फोनवरच्या ॲपला हे सहसा करता येत नाही.

तुमचा रस्ता कसा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. रोज शहरातच जाणं-येणं असेल तर खालचं मॉडेल घ्या, फोन पुरेल. डोंगर, बोगदे, रेंज नसलेले पट्टे वाटेत असतील, किंवा घरातलं कुणी एकटं लांब जाणार असेल, तर वरचं घ्या आणि फोनही जवळ ठेवा. मी अजून दोन्ही वापरते. निघण्याआधी गर्दी फोनवर बघते, वाट गाडीवर सोपवते आणि फोन बोलण्यासाठी मोकळा ठेवते.

खालचंच घेतलंत तर होल्डर काचेला लावू नका, एसीच्या झरोक्याला लावा. थंडीत हीटर चालू केलात तर तो झरोका तेवढा बंद करा. आणि निघण्याच्या आदल्या रात्री नकाशा उतरवून ठेवा.