हॉटेलात एकटीने जेवायचं तर हॉलमध्ये बसा

तुम्ही विचारलंय: "नोकरीच्या कामासाठी पहिल्यांदाच एकटीने परगावी फिरावं लागणार आहे. हॉटेलात एकटं बसून जेवायची लाज वाटते, सगळे बघतात असं वाटतं. रूमवरच जेवण मागवावं का? एकट्या बाईसाठी कुठल्या प्रकारची हॉटेलं बरी?"

रूमवर मागवू नका. खाली उतरा, हॉलमध्ये बसा, पोटभर जेवा, पैसे द्या आणि निघा. खरं तर एवढंच उत्तर आहे. पण जेवायची लाज वाटते हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी बँकेत होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं तपासणी विभागात काढली. तपासणी म्हणजे एकेका गावी आठवडा-आठवडा मुक्काम, स्टँडजवळचं लॉज आणि दोन्ही वेळचं जेवण बाहेर. शाखेतले लोक घरी बोलवायचेच. "मॅडम, मिसेसनी पुरणपोळ्या केल्यात, या ना रात्री." माणसं मनापासून बोलवायची, त्यात वाईट काही नसायचं. पण ज्याची कर्जाची कागदपत्रं, सोनेतारणाची पाकिटं आणि तिजोरीतली रोकड मी दिवसभर तपासणार, त्याच्याच घरी रात्री ताटावर बसायचं आणि सकाळी त्याच्या कामावर शेरा लिहायचा, हे मला कधी जमलं नाही आणि जमवायचंही नव्हतं. हॉल्टिंग अलाउन्स, म्हणजे मुक्कामाचा भत्ता, मिळायचा तो त्यासाठीच. तेव्हा मी हॉटेलात एकटी जेवायचे. पुरुष ऑफिसरही तसेच जेवायचे. त्यांना कधी कुणी काही विचारलं नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची गोष्ट सांगते. उन्हाळा होता. लॉजखालीच गावातलं चांगलं म्हणतात तसलं हॉटेल. दारात पाऊल टाकलं तसा वेटर म्हणाला, "मॅडम, फॅमिली आत आहे." मी आत गेले. पहिलीच रात्र, दिवसभराचा शीण, कुठे वाद घाला? जिन्यामागे प्लायवूडचे आडोसे करून चार खोपटी केली होती, प्रत्येकाला पडदा. पंखा मधल्या पॅसेजमध्ये, त्याचा वारा पडद्याच्या आत येत नव्हता. वेटरने पाण्याचा जग ठेवला, पडदा ओढला आणि गेला तो गेलाच. बऱ्याच वेळाने ऑर्डर घेतली, त्याहून जास्त वेळाने ताट आलं. पहिली भाकरी संपली तर दुसरी मागायला माणूस नाही. पडद्याआडून "अहो दादा" अशा हाका मारत बसायचं. मग बाहेरून बायकांचा आवाज आला, "एकटीच बसलीय होय, चौघांची जागा घेऊन." थोड्या वेळाने मालक पडदा सारून म्हणाला, "ताई, होत आलं का? लेकरंबाळं खोळंबलीत."

म्हणजे हॉलमध्ये बसायचं नाही कारण मी बाई, आणि फॅमिलीत बसायचं नाही कारण मी एकटी. पैसे मात्र पुरते घेतले.

दुसऱ्या रात्री मी दारातून सरळ हॉलमध्ये गेले आणि गल्ल्याजवळच्या टेबलावर, पंख्याखाली, दाराकडे तोंड करून बसले. वेटर आला, "मॅडम, फॅमिली..." मी म्हटलं, "मी एकटी आहे, इथेच बसणार. फडकं मारा आणि काय काय आहे सांगा." तो मालकाकडे बघायला लागला. मालक उठून आला. "ताई, इकडं सगळे जेंट्स असतात. तुमच्याच सोयीसाठी म्हणतो." मी त्यांना शांतपणे सांगितलं की माझी सोय मला कळते, काल तुमच्या फॅमिली रूममध्ये मी अर्धपोटी उठले, आज पोटभर जेवणार आहे, आणि कुणी मला त्रास दिला तर तुम्ही इथे हाताच्या अंतरावर बसलेले आहातच. यावर ते काही बोलले नाहीत. गल्ल्यावर जाऊन बसले आणि वेटरला म्हणाले, "ताईंचं घे."

ज्वारीच्या गरम भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. भाकरी संपायच्या आत दुसरी यायची, कारण वेटरला माझं ताट दिसत होतं. हॉल भरल्यावर एका वयस्क आडत्याने विचारलं, "बसू का इथं?" म्हटलं, बसा. ते समोर बसून जेवले. आमचं बोलणं एवढंच झालं, की त्यांनी वेटरला सांगितलं, "ताईंना ताक आण, उन्हाचं बरं असतं." लोक बघत होते का? सुरुवातीला बघत होते. भाजी आली तसे आपापल्या ताटात बघायला लागले. भुकेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे किती वेळ बघणार? तुम्हाला जी भीती वाटते तिचं वय पहिला घास घेईपर्यंत असतं, हे मी अनुभवाने सांगते.

तपासणी संपेपर्यंत रोज तिथेच जेवले. पण खरा त्रास त्या हॉटेलात झालाच नाही. तो घरी झाला.

त्या गावात आमच्या वन्संचे कुणी सासरकडचे नातेवाईक राहतात. त्यांनी मला हॉलमध्ये बसलेलं पाहिलं. माझ्याशी येऊन बोलले नाहीत, फोन वन्संना केला. गौरीजेवणाला सगळे जमलेले असताना वन्सं पंगतीत म्हणाल्या, "आमच्या वहिनी आता पुरुषांच्या गर्दीत हॉटेलात जेवतात. गावात आपली माणसं असताना." मी म्हटलं, वन्सं, आपल्या माणसांकडे महिन्यातून एकदा जाता येतं, रोज रात्री कुणाच्या दारात जाऊन उभी राहू? त्यावर त्या म्हणाल्या, "मग रूमवर डबा मागवायचा. एकटीने हॉटेलात बसायला भूक लागत नाही, हौस लागते."

हे वाक्य मी इतकी वर्षं सोबत वागवतेय, म्हणून त्याचं उत्तर इथे देते.

आमचे सासरे, अण्णा, कोकणातून मुंबईला आले आणि गिरणीच्या ऑफिसात चिकटले. सासूबाई आणि मुलं गावी. लालबागला एका खोलीत पाच-सहा जण राहायचे आणि जेवायला खाणावळीत. वर्षानुवर्षं. आमच्या घरी ही गोष्ट किती आदराने सांगितली जाते! "अण्णांनी खाणावळीचं खाऊन दिवस काढले." सांगताना वन्संच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते खरं असतं. गिरणगावात अशी हजारो माणसं होती, आणि त्यांना रांधून घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकाही. सावकाराकडून उधार घेऊन दाणागोटा भरायचा आणि पगाराला गिऱ्हाइकाने पैसे दिले की आधी व्याज फेडायचं, असा त्यांचा संसार. १९६९ साली मोठ्या १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेत असताना हे नाव ऐकलं की मला फार बरं वाटायचं.

सांगायचं असं, की घरापासून दूर असलेल्या माणसाने पैसे देऊन, अनोळखी लोकांत बसून जेवणं ही आपल्याकडे शंभर वर्षांची जुनी गोष्ट आहे. अण्णांनी नोकरीसाठी केलं तेव्हा ते कष्ट झाले. मी नोकरीसाठीच केलं तर ती हौस कशी झाली? वन्सं म्हणाल्या, अण्णांचा नाइलाज होता. माझा काय होता मग? आणि त्या स्वतः दरवर्षी अक्कलकोटला जातात, अन्नछत्रात कधी न पाहिलेल्या माणसांच्या शेजारी बसून समाधानाने जेवतात. तिथे कुणी विचारत नाही, तुमच्यासोबत कोण आहे म्हणून. शेगावलाही विचारत नाहीत. भुकेल्या माणसाला ताट वाढायचं, एवढीच रीत आहे आपली. हॉटेलात पैसे मोजून जेवताना तेवढा मान मिळू नये?

आणि हौस म्हणाल तर हो, मला आवडायचं. घरी मी सगळ्यांना वाढून झाल्यावर बसते, तोवर भाकरीची वाफ गेलेली असते. तव्यावरची भाकरी माझ्यासाठी म्हणून कुणी आणून ताटात टाकली, ती त्या हॉटेलात. त्यात लपवण्यासारखं मला काही दिसत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

थाळी मिळते तिथे जा. भाजी-रोटी वेगवेगळी मागवावी लागते तिथे एक भाजी दोघांपुरती असते, अर्धी टाकावी लागते आणि बिल उगाच वाढतं. अशा ठिकाणी हाफ मिळतं का ते आधी विचारा. राइस प्लेट, थाळी, खाणावळ ही मुळात एकट्या माणसाचीच जेवणं. कोल्हापूरला मटणथाळी घ्या, तांबडा-पांढरा रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात, एकटीला काही कमी पडत नाही.

जिथे टेबल वाटून घ्यायची पद्धत आहे तिथे तर एकटं असणं फायद्याचं. मुंबईत माटुंगा स्टेशनजवळ ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचं. गर्दीच्या वेळी थांबावं लागतं आणि खुर्ची रिकामी होईल तिथे बसवतात. चौघांचं कुटुंब ताटकळत असतं, एकटी बाई आत जाऊन केळीच्या पानावर जेवून बाहेरही येते. पुण्यात नारायण पेठेत बेडेकरांकडे मिसळ खायला जाल तर समोर कोण बसेल ते आपल्या हातात नसतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही. बंगळुरूला लालबाग रोडवरचं एमटीआर, १९२४ सालचं, तिथेही तेच. इराण्याच्या हॉटेलात तर चहा आणि ब्रून पाव घेऊन माणूस एकटाच बसलेला असतो. मुंबईत धोबीतलावचं कयानी १९०४ पासून अशा लोकांना बसवून घेतंय. पहिल्यांदा धीर होत नसेल तर अशा जागेपासून सुरुवात करा.

वेळ सांभाळा. दुपारी साडेबारा, रात्री साडेसात. तेव्हा जेवण ताजं असतं, टेबलं रिकामी असतात आणि मालकाचा जीव थाऱ्यावर असतो. गल्ल्याजवळ बसा. मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायची गरज नाही, त्याने वेटरचं लक्ष उलट कमीच जातं. मान वर ठेवून जेवा.

आता दोन गोष्टी राहिल्या, त्या आधीच लिहायला हव्या होत्या. बऱ्याच गावांत हॉटेलचा बाहेरचा हॉल म्हणजेच परमिट रूम असतो. दिवसा तिथे सगळे जेवतात, रात्री आठनंतर बाटल्या निघतात. तिथे हट्टाने बसू नका. अशा वेळी फॅमिलीत बसणं शहाणपणाचं, किंवा शेजारचं शुद्ध शाकाहारी गाठा. मी वर जे लिहिलं ते पिणं नसलेल्या हॉटेलांबद्दल आहे. दुसरं, रात्री उशिरा हायवेवरच्या धाब्यावर एकटीने उतरू नका. बस थांबली तर बसमधल्या बायकांबरोबर बसा. कुणी त्रास दिला तर वेटरला सांगून उपयोग नसतो, तो पगारी पोरगा असतो. सरळ गल्ल्यावर जाऊन मोठ्याने सांगा.

आणि खरोखरच अंगात ताप असेल, पाय उचलत नसतील, तर मागवा रूमवर. दमलेल्या माणसाने पलंगावर बसून वरणभात खाल्ला तर मला काही म्हणायचं नाही. माझं म्हणणं त्या मागवण्याबद्दल आहे जे लोक काय म्हणतील म्हणून केलं जातं, आणि मग सवय लागते. माझ्याच बॅचची एक मैत्रीण होती, हुशार ऑफिसर. प्रत्येक मुक्कामाला बिस्किटं आणि केळी घेऊन जायची आणि खोलीत बसून खायची, कारण तिच्या घरून तशी ताकीद होती. पुढे तिने फिरतीची पोस्टिंगच नको म्हणून लिहून दिलं. त्यामुळे बढतीत ती मागे पडली. कागदोपत्री कारण प्रकृतीचं होतं. मला माहीत आहे कारण काय होतं ते.

वन्सं आता पंचाहत्तरीला आल्या आहेत, आमचं चांगलं आहे, पण हा वाद काही मिटलेला नाही. त्यांच्या नातीला गेल्या वर्षी फिरतीची नोकरी लागली. तिने मला फोन करून हेच विचारलं जे तुम्ही विचारताय, आणि मी तिला हेच सांगितलं. वन्संना ते आवडलं नाही. नात मात्र हॉलमध्ये बसते.

तुम्ही कुठल्या भागात जाणार ते लिहिलेलं नाही. सोलापूरकडे असेल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागा, जळगावकडे थंडीत जाणार असाल तर वांग्याचं भरीत सोडू नका, नागपूरला सावजीचा तिखटपणा झेपत नसेल तर आधी सांगून टाका. गावाचं नाव कळवा, माझी तिथे तपासणी झालेली असेल तर कुठे जेवायचं ते नक्की सांगेन.