मुक्या आगगाड्यांत बोनस घालावा का?

तुमचा प्रश्न असा: टोकियोत निशिकासाईला राहता, नोकरी आयटीतली, हातात 6 लाख येनांचा बोनस. आवाज करणाऱ्या 120 जुन्या प्लारेल गाड्या (सेलवर चालणाऱ्या जपानी खेळण्यातल्या आगगाड्या) एकगठ्ठा मिळताहेत, नग 5,000 येन. निम्म्या वाजत नाहीत. दुरुस्त करून 9,000 ला विकाव्यात का?

सगळा गठ्ठा घेऊ नका. कारण हिशेबात आहे. मर्कारी या जुन्या वस्तू विकायच्या ॲपचं कमिशन 10 टक्के, म्हणजे 900. पाठवणी साधारण 800, सुटे भाग 300 धरू. खरेदी वजा जाता गाडीमागे 2,000 उरतात, आणि एका गाडीला दोन तास सहज जातात. तासाला 1,000 येन. टोकियोतलं किमान वेतनच ऑक्टोबर 2024 मध्ये 1,163 होतं. त्यात जी गाडी वाजलीच नाही, तिचे 5,000 अडकले. अशा 35 निघाल्या की सौदा तोट्यात. या गठ्ठ्यात मुक्या आहेत 60.

यांतल्या किती वाजतील, हे दुकानातच बरंचसं कळतं. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र), नवे सेल आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर सोबत न्या. आवाजासाठी बहुधा वेगळे बटन सेल असतात. आधी तेच बदला. मग स्पीकरच्या तारांना 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. ‘टक्’ झालं तर स्पीकर जिवंत. दाबायचं बटन ठीक, बोर्डापर्यंत व्होल्टेज पोचतंय, तरी गाडी गप्प असेल तर दोष बहुतेक काळ्या इपॉक्सीच्या (कडक झालेल्या गोंदाच्या) थेंबाखालच्या चिपमध्ये. ती चिप सुटी मिळत नाही. अशी गाडी सोडा, कितीही दुर्मीळ असली तरी.

सेल गळून पत्र्यावर बुरशीसारखी पांढरी-हिरवी पुटं चढली असतील तर घाबरू नका. अल्कलाइन सेलची गळती पांढऱ्या व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून, वर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून साफ होते. पण क्षार तारेच्या आवरणाखालून वर सरकतो, तांबं काळं पडतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही. तिथे तारच बदला. मोटर फिरते पण चाकं हलत नाहीत, तर बहुधा मोटरच्या दांड्यावरचं प्लास्टिकचं पिनियन (छोटं दातेरी चाक) चिरलंय. नवंच बसवा, सुपरग्लूचा सांधा टिकत नाही.

कागदपत्रंही महाग पडतील. जुन्या वस्तू विक्रीसाठी घेणं हा धंदा झाला, तर पोलिसांमार्फत कोबुत्सुशो, म्हणजे जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा, परवाना लागतो. शुल्क 19,000 येन. नोकरदाराचं इतर उत्पन्न वर्षाला 2 लाख येनांवर गेलं की विवरणपत्र भरावं लागतं. व्हिसा अभियंता वर्गातला असेल, तर धंद्यासाठी इमिग्रेशनची वेगळी परवानगी आधी घ्या.

आवड मात्र खरी दिसते, ती मारू नका. बोनसमधले 75,000 येन बाजूला काढून, तुमच्यासमोर वाजलेल्या 15 गाड्या स्वतःसाठी घ्या. उरलेल्या 5,25,000 मधून आधी सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी पुरी करा, मग नीसा, म्हणजे करमुक्त गुंतवणुकीचं खातं. विक्रेता फुटकळ द्यायला तयार नसेल, तर गठ्ठ्याचा भाव पाडून मागा: वाजणाऱ्याला 5,000, मुकीला फार तर 1,500.