नवं आउटबोर्ड आणि पहिले दहा तास

गेल्या अंकात होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, कुठलं घ्यावं यावर लिहिलं होतं, त्यानंतर आलेले बरेचसे प्रश्न "घेतलं, आता पुढे काय" या जातीचे आहेत. चार-पाच निवडलेत. तेच तेच विचारणाऱ्यांची उत्तरं यातच कुठेतरी सापडतील.

प्रश्न : माझी बारा फुटी फायबरची होडी आहे, आजवर वल्ह्यावरच चालली. आता नवीन फोर-स्ट्रोक आउटबोर्ड घेतलंय. मागच्या फळीवर अडकवलं, दोन्ही क्लॅम्प आवळले आणि निघालो. सरळ जाताना ठीक, पण वळण घेतलं की इंजिन एकदम बोंबलतं, आवाज वाढतो आणि होडी मात्र जागच्या जागी. विकणारा म्हणतो रनिंग-इन (नव्या इंजिनाचे सुरुवातीचे जुळवणीचे तास) झालं की आपोआप नीट होईल. खरंय का?

उत्तर : नाही हो, रनिंग-इनमध्ये पिस्टनच्या रिंगा बसतात, इंजिनाची उंची बसत नाही. तुमचं इंजिन वर बसलंय. पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) अगदी वर एक आडवी चपटी प्लेट असते बघा, तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात (खरं तर तिचं काम पंख्याला वरून हवा ओढू न देणं हे आहे, कॅव्हिटेशन ही वेगळी भानगड, पण नाव पडलं ते पडलं). ती प्लेट होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली हवी. त्यापेक्षा वर गेली की वळताना होडी कलते, पंखा पृष्ठभागाजवळ येतो, हवा गिळतो आणि मग पाणी ढकलायच्या ऐवजी फेस घुसळत बसतो, त्यालाच तुम्ही बोंबलणं म्हणताय.

आता मोजा. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून सरळ खाली तळापर्यंत, फळीच्या मध्यावर, जिथे क्लॅम्प बसतो तिथेच. साधारण १५ इंच आलं तर शॉर्ट शाफ्ट (आखूड पायाचं इंजिन), २० इंच आलं तर लाँग शाफ्ट (लांब पायाचं). तुमची फळी २० ची आणि इंजिन १५ चं असेल तर कितीही आवळा, काही उपयोग नाही, एक तर इंजिन बदलून घ्या नाहीतर फळीला मध्ये खाच काढून मागे पाणी अडवायची सोय करावी लागेल, आणि ते काम होडी बांधणाऱ्या माणसाचं आहे, करवत घेऊन स्वतः बसू नका. फरक इंच-दीड इंचाचाच असेल तर आधी क्लॅम्प फळीवर पूर्ण खाली टेकलाय का ते बघा, बऱ्याचदा तो अर्धवटच बसलेला असतो.

उलटाही प्रकार असतो. प्लेट फार खाली गेली तर इंजिन तक्रार करत नाही पण मागून पाण्याचे फवारे उडतात आणि पाय पाण्यात ओढत चालल्यासारखी होडी जड वाटते. तेव्हा क्लॅम्पखाली कडक लाकडाची पट्टी टाकून अर्धा-अर्धा इंच वर घेत बघायचं. दरवेळी चालवून, वळण घेऊन बघायचं. बोंबलायला लागलं की अर्धा इंच परत खाली. यात हिशेब कमी आणि कान जास्त लागतो.

कोनाचंही सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. क्लॅम्पच्या ब्रॅकेटमध्ये भोकांची रांग असते आणि त्यात आडवी पिन. होडी चालत असताना इंजिनाचा पाय (पाण्यात उतरणारा खालचा भाग) पाण्याला काटकोनात असला पाहिजे, बांधलेली असताना नाही, चालत असताना. फार आत घेतलात तर नाळ (होडीचं पुढचं टोक) पाण्यात घुसते आणि वळवायला जड जातं, फार बाहेर ठेवलात तर नाळ आभाळाकडे आणि होडी बेडकासारखी उड्या मारत जाते. पण पिन हलवायच्या आधी वजन बघा. तुम्ही मागे टिलर (इंजिन वळवायचा दांडा) धरून, पेट्रोलची टाकी तुमच्या पायाशी, नांगर पण तिथेच, आणि मग म्हणणार नाळ वर जाते. टाकी आणि सामान पुढे सरकवा, अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

आणि क्लॅम्प. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनंतर थांबून पुन्हा आवळायचेच, रंग आणि लाकूड दबतं आणि स्क्रू सैल होतात. मी स्क्रूच्या मुठीवर आणि ब्रॅकेटवर मिळून मार्करने एक रेघ मारून ठेवतो, रेघ तुटलेली दिसली की फिरलाय म्हणून समजायचं. शिवाय इंजिनापासून होडीतल्या कड्याला एक साखळी किंवा जाड दोर, ती तर हवीच. क्लॅम्प सुटला तर इंजिन निदान तळाला जाणार नाही.

प्रश्न : नवीन इंजिन दहा तास हळू चालवायचं असतं असं ऐकलं. आमच्या पाण्यात दहा तास हळू चालवायला महिना लागेल. मग घराशीच पिंपात पाणी भरून त्यात दहा तास चालू ठेवलं तर रनिंग-इन पूर्ण होईल ना? मुलगा म्हणतो डोकं चालवा जरा.

उत्तर : मुलाला सांगा डोकं चाललंय, फक्त उलट्या दिशेने चाललंय :)

आधी कशासाठी करायचं ते बघू. नव्या सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ठेवलेल्या असतात, कानसीवर असतात तशा. रिंगा त्या रेघांवर घासून आपला आकार घेतात आणि मग गॅस खाली निसटू देत नाहीत. पण त्यासाठी रिंगेला भिंतीवर दाब हवा, आणि तो दाब येतो इंजिनावर लोड आलं की. नुसतं न्यूट्रलमध्ये किंवा पिंपात घुर्रघुर्र चालवलंत तर दाब येतच नाही, रेघा तशाच तेलाने माखतात, वर चकाकी चढते आणि रिंगा कायमच्या अर्धवट बसतात. असं इंजिन पुढे आयुष्यभर तेल पीत राहतं. वर पिंपातलं पाणी तापणार, त्यातच धूर सुटणार, पंखा तेच फेसाळ पाणी घुसळणार. पिंप हे सुरू होतं का, थंड करणाऱ्या पाण्याची धार येते का एवढं पाच मिनिटं बघायला आणि नंतर धुवायला. बास.

म्हणजे हळू चालवणं हे रनिंग-इन नाही. बदलत चालवणं हे रनिंग-इन आहे.

छोट्या फोर-स्ट्रोकचं साधारण वेळापत्रक असं असतं. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं आयडलला गरम होऊ द्या. मग पहिला तास गिअरमध्ये, अर्ध्या थ्रॉटलच्या आत, २००० आरपीएमच्या आसपास, पण एकाच ठिकाणी मूठ धरून बसायचं नाही, थोडं वर थोडं खाली, दहा-पंधरा मिनिटांनी बदल. दुसरा तास ३००० पर्यंत, म्हणजे पाऊण थ्रॉटल, आणि पुढचे आठ तास कुठलाही वेग चालेल, फक्त फुल थ्रॉटल सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. कंपनीगणिक आकडे बदलतात, कुणी २००० ऐवजी ३००० लिहितं, कुणी पहिल्या तासाऐवजी पहिले दोन म्हणतं. तुमच्या पुस्तकात असेल ते माझ्यापेक्षा मोठं.

छोट्या इंजिनाला आरपीएमचं मीटर नसतं मग २००० कसं कळणार, हा प्रश्न रास्त आहे. स्पार्क प्लगच्या केबलभोवती वायर गुंडाळली की आरपीएम आणि चाललेले तास दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल मीटर मिळतं, ते लावून घ्या. तास मोजणं फार महत्त्वाचं, अंदाजाने मोजणारे लोक पाच तासाला दहा म्हणतात. मीटर नसेल तर वही तरी ठेवा.

आणि हो, पंखा इंजिनाला झेपणारा हवा. फुल थ्रॉटलला इंजिन किती आरपीएमला पोचलं पाहिजे हे पुस्तकात दिलेलं असतं, या आकाराच्या बऱ्याच फोर-स्ट्रोकना ते ५००० ते ६००० असतं. रनिंग-इन संपल्यावर नेहमीचं वजन घेऊन, फुल थ्रॉटल देऊन बघा. खूप खाली राहिलं तर पंख्याचा पिच (एका फेरीत तो जितकं पुढे सरकायला बघतो ते अंतर) जास्त आहे, चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटल्यासारखं इंजिन कण्हत राहणार. पिच इंचभर कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.

प्रश्न : टू-स्ट्रोक आहे, सेकंडहँड नाही, नवंच. ऑइल किती टाकायचं? एक जण म्हणतो स्कूटरचं टू-स्ट्रोक ऑइल चालतं, तेच तर आहे.

उत्तर : तेच नाही. आउटबोर्ड पाण्याने थंड होतं, हवेवरच्या गाडीपेक्षा त्याचं तापमान वेगळं, त्यामुळे त्याला राख न ठेवणारं ऑइल लागतं. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं बघून घ्या.

प्रमाण पुस्तकात बघा, पण बऱ्याच साध्या टू-स्ट्रोकना पहिल्या दहा तासांत २५ ला १ आणि नंतर ५० ला १ असतं. म्हणजे एक लिटर पेट्रोलला आधी ४० मिली, नंतर २० मिली. १२ लिटरच्या टाकीत ४८० आणि २४० मिली. धूर भरपूर येईल, प्लग काळा होईल, घाबरू नका, एक जास्तीचा प्लग आणि पाना होडीत ठेवा. "जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित" म्हणून १५ ला १ करणारेही भेटलेत, तसं करू नका. ऑइल आपोआप ओढणारं मॉडेल असेल तर त्याची पहिल्या तासांची रीत निराळी असते, ती वाचल्याशिवाय दोरी ओढू नका.

प्रश्न : चार तास चालवलं, फोर-स्ट्रोकची डिपस्टिक काढली तर ऑइलची लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलीय! आणि पेट्रोलचा वास येतोय. खराब इंजिन गळ्यात मारलं का?

उत्तर : बहुतेक नाही. रिंगा अजून बसल्या नाहीत, त्यात तुम्ही मासे धरायला आयडललाच तासन्‌तास चालवलं असणार, पाणी थंड असेल तर अजूनच. न जळलेलं पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं आणि लेव्हल वर जाते. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला धरून राहत नाही, म्हणून ते काढून पुस्तकात लिहिलेलं नवीन टाका आणि पुढचे तास लोडवर, वेग बदलत चालवा. दरवेळी निघायच्या आधी डिपस्टिक बघायची, इंजिन सरळ उभं करून. नवीन ऑइल टाकून नीट चालवल्यावरही लेव्हल चढतच राहिली तर मात्र वॉरंटीत दाखवा.

पहिला ऑइल बदल तसाही लवकर असतो, १० किंवा २० तासांना, गिअर ऑइलसकट. लोक इंजिन ऑइल बदलतात आणि गिअर ऑइल विसरतात. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू काढलात की त्याच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा दिसेल, बोटाने चोळलं तर शाईसारखा पसरतो, ते नव्या गिअरचं घासलेलं पीठ, चालतं. नखाला टोचणारा कण निघाला तर चालत नाही. ऑइल ताकासारखं पांढरट निघालं तर सील फुटून पाणी शिरलंय. नवीन भरताना खालच्या भोकातून दाबत भरायचं, वरच्या भोकातून बुडबुडे न येता ऑइल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा आणि मगच खालची नळी काढा, नाहीतर सगळं पायावर. दोन्ही वायसर नवीन.

प्रश्न : पहिल्यांदा सुरू करताना काय बघायचं? आणि दहा मिनिटांनी आपोआप बंद पडतं ते का?

उत्तर : बंद पडतं ते टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडला नसेल म्हणून. पंप करायचा रबरी गोळा चपटा झालेला दिसेल. स्क्रू उघडा. गोळ्यावरचा बाण इंजिनाकडे आहे ना तेही बघा.

सुरू करताना किल स्विचची (तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला किंवा जॅकेटला, गिअर न्यूट्रल, आणि इंजिनाचा पाय पाण्यात. पाय पाण्यात हे तीनदा लिहितो. माझ्या पहिल्या इंजिनाचा मी "नुसता आवाज ऐकू" म्हणून कोरडाच स्टार्ट मारला होता, अर्धं मिनिट असेल. नंतर पाण्यात धार येईना. उघडलं तर थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपातल्या इंपेलरच्या (फिरत्या चाकाच्या) रबरी पात्या टोकाला वितळून काळ्या गुळगुळीत झालेल्या, दोन तर तुटून वर नळीत जाऊन अडकलेल्या, त्या शोधण्यातच दुपार गेली. इंपेलरला पाणी हेच वंगण, त्याच्याशिवाय तो काही सेकंदच टिकतो.

सुरू झालं की मागच्या छोट्या भोकातून बारीक धार आली पाहिजे. लगेच नाही आली तर थोडा वेळ द्या, तरी नाही आली तर बंद करा. धारेखाली बोट धरा, कोमट लागेल. चटका बसला किंवा धार तुटक झाली तर भोकात बारीक तार घालून बघा, मातीचा किडा घर करून बसलेला असतो बऱ्याचदा, तो नसेल तर मग पंप उघडायचा.

खाऱ्या पाण्यातून आलात की गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवून धुवा, मग इंजिन उभंच ठेवा, आतलं पाणी निथळून जाऊ दे. घरी नेताना फोर-स्ट्रोक आडवं करायचं असेल तर कुठल्या अंगावर ते त्याच्या बाजूवरच्या स्टिकरवर असतं. चुकीच्या अंगावर निजवलंत तर ऑइल सिलेंडरमध्ये उतरतं आणि दुसऱ्या दिवशी दोरीच ओढली जात नाही, तेव्हा जोर लावू नका, प्लग काढून दोरी हळू ओढा, तोंड बाजूला ठेवून, कारण भोकातून ऑइल उडतं.