घरच्या कॉम्प्युटरच्या बॅकअपसाठी कोणती एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यावी?

फक्त बॅकअपच हवा असेल तर एसएसडीवर (चिपमध्ये डेटा ठेवणारी, वेगवान पण महाग डिस्क) जास्त पैसे घालू नका. २.५ इंची साधी पोर्टेबल हार्ड डिस्क पुरते. ती यूएसबीवरच चालते, तर ३.५ इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो. एसएसडी बरीच वर्षं वीज न देता कपाटात पडून राहिली तर डेटा जाऊ शकतो, हेही लक्षात घ्या.

डिस्कची क्षमता आत्ताच्या डेटाच्या दुप्पट धरा, म्हणजे फाइल्सच्या जुन्या आवृत्त्याही राहतात. १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते. ती फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. हजार-दोन हजारात '१६ टीबी एसएसडी' मिळतेय असं दिसलं तर मात्र हात लावू नका. तसल्या डिस्क खोट्या असतात, आतली खरी जागा भरली की आधीच्या फाइल्सवरच नव्या लिहितात.

ब्रँडपेक्षा वापर महत्त्वाचा. विंडोजमध्ये फाइल हिस्ट्री, मॅकवर टाइम मशीन ही आपोआप बॅकअप घेणारी सोय चालू करा आणि बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून पैसे मागणारं घातक सॉफ्टवेअर) कॉम्प्युटरसोबतच लॉक करू शकतं. मुलांचे फोटो, घराची कागदपत्रं यांची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर ठेवाच.