घरी बनवलेली ऑफ-रोड गो-कार्ट खड्ड्यात गेली की स्टिअरिंग ओढते. पुढचे शॉकअप कडक करू का?

नका करू, निदान आत्ता तरी. तुम्ही लिहिलंय की पुढे चाकाला फ्रेमशी जोडणारे वर-खाली दोन आर्म आहेत, रॅक (स्टिअरिंग फिरवलं की आडवा सरकणारा दांडा) मारुती ८००चा आहे, शॉकअप मोटरसायकलचे आहेत. नांगरटीवर स्टिअरिंग आपोआप हिसके देतं आणि नाक जमिनीला टेकतं. ही दोन वेगळी दुखणी आहेत. कडक स्प्रिंगनं दुसरं थोडं झाकलं जाईल, पहिलं तसंच राहील. मी कॉलेजात असताना बाहा स्पर्धेच्या (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) गाडीचं सस्पेन्शन केलंय, आजही मुलांच्या गाड्या बघायला जातो. हिसक्यांचं कारण बहुतेक वेळा टाय रॉडमध्येच, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीतच, सापडतं.

चाक वर-खाली होताना आर्म एक कंस काढतो, टाय रॉड दुसरा. दोन्ही जुळले नाहीत तर स्टिअरिंग न हलवताही चाक वळतं. कारचा रॅक कारच्या रुंदीसाठी बनलेला असतो आणि कार्टचं नाक अरुंद असतं. मग रॅकचे आतले बॉल जॉइंट आर्मच्या बुशांपेक्षा (आर्म फ्रेमला जोडणारे फिरते सांधे) बरेच बाहेर येतात आणि टाय रॉड आखूड पडतो.

आधी मोजून बघा. चालक बसलेला असताना आर्म कुठे असतात ती खूण करून ठेवा. मग पुढचा भाग स्टँडवर घ्या, शॉकअप सोडवा, स्टिअरिंग सरळ धरून घट्ट बांधा. चाक काढून हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) एक सरळ, लांब पट्टी बोल्ट करा. पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकातून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करा. हब खुणेपासून एकेक इंच वर घ्या, मग एकेक इंच खाली, आणि दर वेळी दोन्ही टोकं नोंदवा. दोन्ही खुणा सारख्याच सरकल्या तर काळजी नाही. एक टोक जास्त सरकलं, तर चाक तेवढं वळलं.

आता वाचायचं कसं? वर जाताना एकीकडे आणि खाली येताना दुसरीकडे वळत असेल, तर टाय रॉडची उंची चुकली आहे. बाहेरच्या टोकाखाली वॉशर घालून किंवा रॅक वर-खाली सरकवून हे निघतं. दोन्ही वेळा एकाच बाजूला वळत असेल, तर लांबी चुकली आहे. रॅक ॲक्सलच्या मागे असून चाकाचं पुढचं टोक दोन्ही वेळा बाहेर जात असेल, तर टाय रॉड आखूडच आहे. पूर्ण उसळीत एक सूतभर (इंचाचा आठवा भाग) फरक मी चालवून घेतो, त्याहून जास्त नाही.

लांबी दुरुस्त करायला रॅकचा दांडा मधे कापून वेल्ड करू नका. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. तो दांडा कडक केलेल्या पोलादाचा असतो, वेल्डच्या कडेला ठिसूळ होतो आणि तुटला की स्टिअरिंगच जातं. त्यापेक्षा बग्गीसाठी मिळणारा आखूड रॅक घ्या, नाहीतर फ्रेमवरचे आर्मचे ब्रॅकेट बाहेर घ्या. नवी मापं फरशीवर खडूनं एकास एक काढा. समोरून बघताना वरचा आर्म, खालचा आर्म आणि टाय रॉड या तीन रेषा वाढवल्या तर एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत, आणि टाय रॉडचं आतलं टोक दोन्ही आर्मच्या आतल्या बुशांना जोडणाऱ्या रेषेवर आलं पाहिजे.

नाक टेकण्याचं उत्तर बहुधा शॉकअपच्या जागेत आहे. तो खालच्या आर्मच्या मध्यावर असेल, तर चाकाशी स्प्रिंगचा फक्त पाव कडकपणा मिळतो, कारण अंतराच्या गुणोत्तराचा वर्ग लागतो. तोच आतल्या बुशापासून दोन तृतीयांश अंतरावर नेला, तर पावाचे ०.४४ होतात, म्हणजे तीच स्प्रिंग चाकाशी जवळजवळ पावणेदोनपट कडक. शॉकअप फार आडवा असेल तर ताकद आणखी घटते, आणि गॅस नसलेल्या साध्या शॉकअपमध्ये तेलात हवा मिसळून दाब धरला जात नाही. मात्र शॉकअप बाहेर नेला की चाकाच्या त्याच उसळीला तो जास्त दबतो, म्हणून त्याचा स्ट्रोक (दबण्याचं अंतर) पुरतो का ते आधी तपासा. चालक बसल्यावर एकूण उसळीच्या पंचवीस ते तीस टक्के दबला की बरोबर.

आर्म सीमलेस (बिनजोड) पाइपचे करा, फर्निचरचा पाइप नको. ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी बोल्ट धरणारे हवेत, नट नायलॉकचे (हादऱ्यानं न सुटणारे). शॉकअप असलेल्या आर्मच्या बाहेरच्या टोकाला रॉड एंड (आट्यांच्या दांडीवरचा गोल फिरता सांधा) लावला असेल तर तो आजच काढा. त्याच्या आट्यांवर वाकवणारा भार येतो आणि तिथेच तो मोडतो. तिथे कारचा बॉल जॉइंट हवा. जोडणी झाल्यावर स्प्रिंगशिवाय, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, चाक तळापासून वरपर्यंत हलवा. चाक खाली येताना कुठे बॉल जॉइंट अडला तर खाली जाणं थांबवणारा पट्टा बांधा. पहिली चाचणी स्वतःच्या शेतात, हेल्मेट आणि बेल्ट लावूनच.

रॅकच्या आतल्या दोन बॉल जॉइंटमधलं अंतर, खालच्या आर्मच्या बुशांमधलं अंतर आणि आर्मची लांबी कळवा. रॅक ॲक्सलच्या पुढे आहे की मागे तेही लिहा. टाय रॉड किती हवा ते काढून देतो.